चाळिशीत पोट आत न्यायचंय? आधी तेलाचा कॅन बघा

चाळिशी लागली की डोळ्यांना चष्मा येतो हे आपण हसत मान्य करतो, पण पोटाला जी चाळिशी लागते तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मी ४४चा आहे, पुण्यात राहतो, दिवसभर खुर्चीत. गेल्या दोन वर्षांत जे जमलं आणि जे फसलं ते सांगतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे बीपी, शुगर, छातीत दुखणं असलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग माझं ऐका.

सुरुवातीला वजनकाटा नको, शिवणाची टेप काढा. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, म्हणजे साधारण बेंबीच्या लेव्हलला, श्वास सोडून टेप लावायची. पोट आत ओढायचं नाही, कोण बघतंय? आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही हद्द धरतात, त्याच्या वर गेलं की शुगर आणि हार्टची रिस्क वाढते. आणि "माझी पँट ३४ची आहे" हे सांगू नका, आपण सगळे पँट पोटाच्या खाली घालतो, वरचं पोट मोकळं लोंबत असतं. सोबत एचबीए१सी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (रक्तातलं कोलेस्टेरॉल वगैरे) आणि बीपी एकदा बघून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ मध्ये आलं तर ती डायबेटिसची बॉर्डर, तिथून मागे फिरता येतं.

आता किचन. लोक भात सोडतात, पोळी सोडतात, ओट्स आणतात आणि तिसऱ्या आठवड्यात ओट्सच्या पाकिटाला मुंग्या लागतात. तसं काही करू नका. महिन्याला तेल किती लागतं ते बघा. आमच्या घरी चार माणसं, पाच लिटरचा कॅन महिन्यात संपायचा. म्हणजे माणशी रोज जवळपास ३८ ग्रॅम, त्याच्या साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे तीन फुलके तर आपण नुसते तेलातून पितो, आणि बाहेरचा वडापाव यात धरलेलाच नाही! बैठं काम असेल तर २० ते ३० ग्रॅम पुष्कळ झालं. आम्ही एवढंच केलं की कॅनमधून डायरेक्ट ओतणं बंद, छोट्या बाटलीत काढायचं आणि फोडणीला पळी नाही, चमचा. आईने पहिले चार दिवस "भाजी रडतीये" म्हणून तोंड वाकडं केलं, मग तिलाही सवय झाली. आता कॅन दीड महिना जातो.

दुसरं म्हणजे प्रोटीन. ७० किलोच्या माणसाला दिवसाला कमीत कमी ५८ ग्रॅम लागतं आणि आपला पोहे-चहा, पोळी-बटाट्याची भाजी, वरणभात हा दिवस तिथवर सहज पोचत नाही, कारण वरण म्हणून आपण जे खातो ते निम्मं पाणी असतं. पावडर आणायच्या आधी वरण घट्ट करा, डब्यात आठवड्यातून तीन-चार दिवस मटकी-मुगाची उसळ घ्या, पोह्यांसोबत दोन उकडलेली अंडी (१२ ग्रॅम) किंवा अंडं चालत नसेल तर पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं आणि वाटीभर दही. शेंगदाणे चांगलेच आहेत पण मूठभर, मूठभर म्हणजे १७० कॅलरी, डबा मांडीवर घेऊन बसायचं नाही.

उपवासाचं बोलायलाच नको. एकादशी दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यावर दाण्याचं कूट, तूप, बटाटा, आणि आपल्याला वाटतं आज पोटाला आराम दिला! वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करा, ताक प्या.

खरा घोटाळा मात्र संध्याकाळी ६ ते ९ मध्ये होतो. ऑफिसातून आलं की जेवणाला अजून वेळ असतो, हात आपोआप फरसाणाच्या डब्याकडे जातो, आणि हे खाल्लेलं कोणाच्याच हिशेबात नसतं. मी साडेसहाला दाणे-फुटाणे किंवा भिजवलेले मूग कांदा-लिंबू मारून खातो आणि साडेआठपर्यंत जेवतो. फरसाणाचा डबा माळ्यावर टाकलाय, स्टूल लावल्याशिवाय हात पोचत नाही, आणि तेवढ्या आळसाने निम्म्या वेळा वाचतो.

व्यायामात मी जो मूर्खपणा केला तो तुम्ही करू नका. ४२व्या वर्षी मित्रांच्या नादाने नवे शूज घेऊन एकदम पळायला लागलो, तिसऱ्या आठवड्यात सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाचेत खिळा घुसल्यासारखं झालं. दोन महिने भिंत धरून चालत होतो. तर आधी चाला. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही असं. आमच्या पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या आहेत, मी आठवड्यातून दोनदा जातो, पहिल्यांदा मध्ये तीनदा थांबलो होतो आणि सत्तरीचे एक काका शेजारून शीळ घालत वर गेले.

पण नुसतं चालून भागत नाही, कारण तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजायला लागतात, हातपाय बारीक आणि पोट मोठं होतं ते यामुळेही. आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचं काहीतरी पाहिजे. जिमच पाहिजे असं नाही, जोर-बैठका आपल्या तालमीतल्याच आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसा आणि हात न टेकता उठा, दहा-दहाचे तीन सेट. जोर जमिनीवर जमत नाहीत? ओट्याला हात टेकून मारा, चहा उकळेपर्यंत पंधरा होतात. आणि तो तेलाचा पाच लिटरचा भरलेला कॅन साडेचार किलोच्या वर भरतो, घ्या तो उचलायला, निदान चांगल्या कामाला येईल. सूर्यनमस्कार जमत असतील तर उत्तमच, साताऱ्याकडच्या औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर तिथल्या शाळांमध्ये ते सुरू केले होते, पण पहिल्याच दिवशी बारा घालायची हौस नको, तीन-चारपासून सुरू करा. आणि सात तास तरी झोपा, रात्री एकपर्यंत रील्स बघून सकाळी कोण उठतंय.

टेप महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, चहाच्या आधी. आणि टेप नीट बघून घ्या. माझी आईच्या मशीनवरची होती, पहिला इंच झिजून तुटलेला, त्यामुळे मी चार महिने स्वतःला एक इंच जाड समजत होतो. बायकोने नवी आणली, त्या दिवशी काही न करता माझा एक इंच गेला.