पोरांना चिनी अक्षरं शिकवायचीत? आधी पाटी काढा

माझ्या सहा वर्षांच्या भाचीला लातुरात बसून चिनी अक्षरांचं वेड लागलं, कशावरून तर खेळण्याच्या खोक्यावरून. मामा हे काय लिहिलंय म्हणून मागंच लागली, मग मीच शिकत शिकत तिला शिकवायलो.

पहिलं म्हणजे बाराखडीसारखं घोकून घेऊ नका, तिथं बाराखडीच नाही. चीनमधी पण पहिली-दुसरीच्या पोरांनी साधारण १६०० अक्षरं ओळखायची अन् लिहायची त्यातली ८००च, असा हिशोब आहे. त्यामुळं ओळखू द्या भरपूर, लिहायला रोज दोन बास.

चित्रासारखी अक्षरं आधी घ्या. 'मू' म्हणजे झाड, दोन मू शेजारी काढले की 'लिन' म्हणजे झाडी, अन् तीन झाले की दाट जंगल (आमच्याकडं तीन झाडं एका जागी दिसली तरी जंगलच म्हणायचं).

मग शेत, 'थ्येन'. चौकोन अन् आत अधिकचं चिन्ह. भाचीनं आधी अख्खा चौकोन काढला अन् मग आत फुली मारली, इथंच सगळी पोरं चुकतात. आधी डावी उभी रेघ, मग वरची आडवी तशीच उजवीकडून खाली वळवायची, हात उचलायचा नाही, मग आतली आडवी, आतली उभी, अन् खालची सगळ्यात शेवटी. अशा पाच रेघा. तिकडं पोरांना सांगतात की आधी माणसं आत घ्या, मग दार लावा. भाची म्हणली, म्हंजी आधी ढोरं आत, मग फाटक! तेव्हापासून चुकली नाही. तिकडच्या वहीत खणसुद्धा ह्या शेतासारखेच असतात, आपण गणिताच्या वहीतल्या चार चौकटींचा एक खण करायचा.

उच्चारासाठी तिकडं १९५८ पासून इंग्रजी लिपीतलं पिनयिन आहे, पण त्यातला बी आपल्या प सारखा अन् पी फ सारखा, ओठ मिटून, म्हणून इंग्रजीसारखं वाचू देऊ नका. चढउतार मात्र ऐकूनच येतात, 'मा' सपाट म्हणलं तर आई अन् खाली दाबून म्हणलं तर घोडा. आई लिहिताना डावीकडं बाई काढतात अन् उजवीकडं घोडा, घोडा फक्त आवाजापुरता. हे भाचीनं घरी जाऊन अर्धंच सांगितलं, ताईचा लगेच फोन, "काय शिकवायलास रे पोरीला?"