अब्यूज डेस्कला मेल ठोकण्याआधी या चुका टाळा

काही वर्षं मी एका इंटरनेट कंपनीच्या अब्यूज डेस्कचा, म्हणजे हल्ले-गैरवापराच्या तक्रारी घेणाऱ्या विभागाचा, मेलबॉक्स सांभाळलाय, त्यामुळे आधीच सांगतो, २२, २३, ४४५, ३३८९ या पोर्टांवर (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरवरच्या एकेका सेवेचा क्रमांक दिलेला दरवाजा) कोणी टकटक केली म्हणून दचकू नका. आख्खं आयपीव्ही४ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची, म्हणजे आयपींची, जुनी पद्धत) जेमतेम ४३० कोटी पत्त्यांचं, आणि झेडमॅप या स्कॅनिंग टूलने २०१३ मध्येच दाखवलं होतं की एका गिगाबिट लाइनवरून एखादा पोर्ट पाऊण तासाच्या आत सगळीकडे तपासून होतो. तुमच्यावर कोणाचा खास डोळा वगैरे नाही. तुमच्या फायरवॉलने ते ब्लॉक केलं ना, विषय संपला.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे आपणच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं की त्याला हल्ला म्हणणं. एका ग्राहकाने नवीन फायरवॉल टाकली आणि लगेच मेल, 'तुमचा सर्व्हर रात्रभर माझे पोर्ट स्कॅन करतोय, कोर्टात खेचीन.' लॉग, म्हणजे फायरवॉलची नोंद, बघितला तर यूडीपी (आधी कनेक्शन न जुळवता डेटा पाठवायची पद्धत), सोर्स पोर्ट, म्हणजे पाठवणाऱ्याचा पोर्ट, ५३, आणि आयपी आमच्याच डीएनएस सर्व्हरचा, साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणाऱ्याचा! म्हणजे याचा कॉम्प्युटर साइटचं नाव विचारतोय, सर्व्हर बिचारा उत्तर देतोय, उत्तराला जरा उशीर झाला की फायरवॉल बोंबलतेय. मी समजावून लिहीपर्यंत पठ्ठ्याने तो आयपी ब्लॉकसुद्धा केला, आणि अर्ध्या तासात फोन, 'तक्रार केली म्हणून माझं नेट बंद केलंत ना?' तेव्हापासून मी आधी सोर्स पोर्ट बघतो, मग काय चिडायचं ते चिडतो.

१९२.१६८ ने सुरू होणारा आयपी तुमच्याच नेटवर्कमधला आहे, बहुतेक प्रिंटर.

उलटा हल्ला करायला जाऊ नका, गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल.

खरी तक्रार कधी? एकच आयपी तासन्‌तास एसएसएचवर (दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायची सोय) रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशी नावं लावून पासवर्ड ट्राय करतोय तेव्हा. तिथे टीसीपी कनेक्शन (दोन्ही बाजूंनी आधी हो म्हणून जुळवलेलं) पूर्ण जुळलेलं असतं म्हणून पत्ता सहसा खरा निघतो, यूडीपीत तो खोटा घालता येतो. हूइज (आयपी कोणाच्या नावावर आहे ते शोधायची सोय) मारून त्या आयपीचा अब्यूज कॉन्टॅक्ट काढा, दिसेल त्या दहा पत्त्यांना सीसी नको. लॉग टेक्स्टमध्येच चिकटवा, स्क्रीनशॉटमधून आकडे वाचून टाइप करायला आम्ही बसलेलो नाही. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणि सेकंदासकट, सोबत सोर्स पोर्ट, कारण सीजीनॅटमागे (एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटायची इंटरनेट कंपनीची व्यवस्था) एकाच आयपीवर शेकडो ग्राहक असू शकतात आणि पोर्टशिवाय त्यातला नेमका कोण ते आम्हालाही सापडत नाही. आणि शिव्या घालायच्याच असतील तर लॉगच्या खाली घाला, वर आयपी दिसू द्या.