पॅडी बकली राउंडची तयारी: पाच पिशव्या आणि एक रात्र

वेल्सच्या उत्तर भागात, एरुरीच्या (इंग्रजीत स्नोडोनिया) डोंगरांत 47 शिखरे जोडणारी, धावपटूंची एक वर्तुळाकार वाट आहे: पॅडी बकली राउंड. ती साधारण 100 किलोमीटर भरते आणि तिच्यात सगळी मिळून सुमारे 8,500 मीटर चढाई आहे. आतकरवाडीतून सिंहगडाची चढाई अंदाजे 600 मीटरची धरली, तर एका दमात चौदा वेळा गड चढून उतरावा तसा हा प्रकार, पण पायऱ्या नाहीत, ताकाचे गाडे नाहीत आणि पायाखाली बहुतेक ठिकाणी एकतर दलदल किंवा सुटे दगड. पॅडी बकली यांनी ही वाट आखली आणि वेंडी डॉड्स यांनी 1982 मध्ये ती पहिल्यांदा पूर्ण केली. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील 42 शिखरांची बॉब ग्रॅहॅम राउंड 24 तासांत पूर्ण करावी लागते. इथे तशी सक्ती नाही, तरीही बहुतेक धावपटू 24 तास डोळ्यांसमोर ठेवूनच तयारी करतात. ही स्पर्धा नव्हे, त्यामुळे छातीवर क्रमांक नसतो, खुणेच्या फिती नसतात, पाण्याची टेबले नसतात आणि शेवटी पदकही नसते. एरवी आयोजक जे जे करतो ते सारे इथे आपणच आधी बसून करायचे असते, आणि म्हणून पुढील यादीत व्यायामापेक्षा कागदावरची कामे जास्त आहेत.

यादीतील पहिले काम म्हणजे रात्र कुठे घालवायची हे ठरवणे. ही वाट वर्तुळाकार असल्याने सुरुवात कुठूनही करता येते आणि कोणत्याही दिशेने जाता येते. ही मोकळीक वाटते तितकी साधी नाही, कारण सुरुवातीची जागा आणि वेळ ठरली की कोणता डोंगर अंधारात येणार हेही ठरून जाते. रस्ते जिथे वाटेला छेदतात त्यावरून पाच टप्पे पडतात. लानबेरिसहून घड्याळाच्या दिशेने निघाल्यास पहिला टप्पा एलिदिर आणि ग्लिडेर डोंगरांवरून ट्रव्हनमार्गे ओग्वेनला उतरतो, दुसरा कार्नेदाय रांगेवरून कापेल किरिगला येतो, तिसरा मोएल शाबोद आणि मोएल्विन डोंगरांवरून नान्तमोरला, चौथा मोएल हेबोगच्या बाजूने पोन्त काएर गोर्सला, आणि पाचवा अर् विद्वा, म्हणजे इंग्रजांचा स्नोडन, ओलांडून परत लानबेरिसला. यांपैकी तिसरा टप्पा कोणत्याही परिस्थितीत रात्रीवर येऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तिथे अनेक छोटी शिखरे एकमेकांसारखी दिसतात, पायवाट मध्येच दलदलीत विरघळते आणि दिवसाउजेडीही माणूस शेजारच्या उंचवट्याला शिखर समजून बसतो. ट्रव्हनचा कातळ ओला असताना अंधारात हाताळणेही टाळावे. याउलट पाचव्या टप्प्याचा उत्तरार्ध, म्हणजे मोएल कंघोरियॉनपासून मोएल ऐल्योपर्यंतची गवताळ धार, दमलेल्या पायांनाही रात्री झेपते.

जूनच्या मध्यावर इथे सूर्य पाचच्या थोडा आधी उगवतो आणि साडेनऊ वाजून गेल्यावर मावळतो. त्यामुळे पहाटे चारला लानबेरिस सोडावे, नऊच्या सुमारास ओग्वेन, बाराला कापेल किरिग, संध्याकाळी सातला नान्तमोर आणि रात्री अकराला पोन्त काएर गोर्स, हा माझा हिशेब. त्यात तिसऱ्या टप्प्याला पूर्ण उजेड मिळतो आणि शेवटचा टप्पा काळोखात जातो. हा हिशेब एका कागदावर, प्रत्येक शिखरापुढे वेळ लिहून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालावा. एक प्रत आपल्याजवळ आणि एक रस्त्यांवर भेटणाऱ्या मदतनिसांच्या गाडीत. घड्याळात सगळे असते हे खरे, पण ओल्या बोटांनी घड्याळाची बटणे दाबून पाहिलेल्या माणसाला कागदाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

दुसरे काम रेकी. पाचही टप्पे आधी एकदा तरी पायाखालून घालावेत, आणि तिसरा दोनदा. भारतातून येणाऱ्यांना ते जमतेच असे नाही. त्यांनी किमान आठवडाभर आधी पोहोचून पहिला आणि तिसरा टप्पा पाहून घ्यावा आणि उरलेल्यांसाठी तो भाग ओळखणारा पेसर, म्हणजे सोबत धावणारा साथीदार, शोधावा. 1:25,000 प्रमाणाचा नकाशा आणि होकायंत्र बरोबर असावेच. फोनवरचा मार्ग हा त्यांचा मदतनीस, मालक नव्हे. नकाशावरची वेल्श नावे पहिल्यांदा पाहिली की जीभ अडखळते, पण दहाबारा शब्द शिकून घेतले की तोच नकाशा बोलू लागतो. मोएल म्हणजे बोडका डोंगर, बुल्ख म्हणजे खिंड, लिन म्हणजे तळे, पोन्त म्हणजे पूल, क्रिब म्हणजे चिंचोळी धार. आपण ज्या सवयीने ‘सोंड’, ‘माची’, ‘घळ’ ऐकून जमिनीचा आकार ओळखतो, तीच सवय इथे कामाला येते. मोएल अर् ओगोव्ह हा गुहेचा डोंगर. मनिद अ दुइ एलोर हा दोन तिरड्यांचा डोंगर. रात्री त्याच्याकडे पाहताना हा अर्थ आठवू नये इतकेच.

आता कपड्यांविषयी, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. सह्याद्रीत पावसाळे काढलेल्या माणसाला पावसाची भीती नसते. तीच आपली अडचण. आपला पाऊस कोसळतो, पण जुलैत राजगडावर चिंब भिजूनही आपण चालत राहिलो तर अंगात ऊब टिकते. एरुरीतील क्रिब गोख ही ब्रिटनमधील सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक; तिथे वर्षाला 4,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आकडा आंबोलीकरांना किरकोळ वाटेल, पण तो पाऊस बारमाही आहे, वारा आडवा आहे, आणि दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. खाली गावात 14 अंश असताना कड्यावर सात-आठ अंश आणि त्यावर वारा, अशी जूनमधील दुपार इथे अजिबात नवलाची नाही.

माझ्या पहिल्या प्रयत्नात तिसऱ्या टप्प्यातील आल्त व्हाउर हे शिखर ओलांडताना असाच पाऊस लागला. जेलचे (धावताना खायच्या गोड पाकाचे) पाकीट फाडता येईना म्हणून दातांनी फाडले. नंतर जॅकेटची चेन वर ओढायला गेलो तर अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकली आहेत हे दिसत होते, कळत नव्हते. जलरोधक हातमोजे मी आणले होते. ते ‘रात्रीसाठी’ म्हणून पाचव्या टप्प्याच्या पिशवीत नीट घडी करून ठेवले होते, आणि ती पिशवी त्या वेळी डोंगराच्या पलीकडे गाडीत होती. नान्तमोरला पोहोचलो तेव्हा बुटाची नाडी दुसऱ्याने सोडली आणि फेरी तिथेच संपली. त्यानंतर माझ्या यादीत हातमोज्यांच्या दोन जोड्या पाठीवरच्या पिशवीत कायम असतात: एक पातळ लोकरीची, एक वरून घालायची जलरोधक. त्यांच्यासोबत शिवणी टेपने बंद केलेले टोपीचे जॅकेट, जलरोधक पॅन्ट, कोरड्या पिशवीत गुंडाळलेला एक उबदार थर, लोकरी टोपी आणि फॉइलची आपत्कालीन पिशवी. जॅकेटच्या चेनच्या टोकाला दोरीचा फास बांधून ठेवावा, म्हणजे बधिर हातातही तो सापडतो.

यावरूनच पिशव्यांची पद्धत निघते. प्रत्येक रस्त्यासाठी वेगळी पिशवी भरावी. ओग्वेन, कापेल किरिग, नान्तमोर आणि पोन्त काएर गोर्स अशा चार, आणि पाचवी लानबेरिसला शेवटी लागणाऱ्या कोरड्या कपड्यांची. पिशवीवर ठिकाणाचे नाव मोठ्या अक्षरात लिहावे, आत काय आहे त्याची चिठ्ठी वरच ठेवावी, आणि जीव सांभाळणारी कोणतीही वस्तू पिशवीवर सोडू नये. पिशवीत फक्त सोय असावी. मोजांचे कोरडे जोड प्रत्येक पिशवीत हवेत. नान्तमोरच्या पिशवीत बुटांचा दुसरा जोड, व्हॅसलीन, हेडटॉर्च आणि तिच्या जादा बॅटऱ्या असाव्यात; दुसरी छोटी टॉर्च मात्र पहिल्यापासून पाठीवरच असावी, कारण वेळापत्रक चुकते.

क्रू म्हणून, म्हणजे गाडीतून या पिशव्या घेऊन रस्त्यांवर भेटायला, दोन माणसे पुरतात, पण ती शांत स्वभावाची हवीत. त्यांना आधीच सांगून ठेवावे की दऱ्यांमध्ये फोनची रेंज अनेकदा नसते, त्यामुळे निरोपाची वाट न पाहता त्यांनी ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी जागेवर हजर राहावे. ओग्वेनच्या रस्त्यावर उन्हाळ्यातील शनिवारी सकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. क्रूने तिथे सातच्या आतच पोहोचावे, आणि रस्त्याच्या कडेला कशीबशी गाडी लावण्याचा मोह टाळावा. पेसर असल्यास त्यांच्याकडे मार्ग शोधणे आणि दर अर्ध्या तासाला ‘खा’ म्हणून सांगणे ही दोनच कामे द्यावीत.

खाण्याच्या बाबतीत तासाला 200 ते 250 कॅलरी हा माझा अंदाज, आणि बाराव्या तासानंतर गोड नकोसे होते हा अनुभव. जेल पहिल्या दोन टप्प्यांपुरते ठीक. चिक्की घरून आणली होती, ती थंडीत अशी दगड झाली की दाढेची काळजी वाटू लागली. तिच्याऐवजी मऊ गूळपोळीचे चतकोर आणि मिठाच्या पाण्यात उकडलेले छोटे बटाटे जास्त उपयोगी पडले. पोन्त काएर गोर्सला रात्री अकरा वाजता मात्र थर्मासमधला मऊ भात, तूप आणि मेतकूट, हे मी कोणत्याही परदेशी पदार्थाशी बदलणार नाही. तो भात पातळ ठेवावा, चमच्याने नव्हे तर कपातून पिता आला पाहिजे. पाणी ओढ्यांतून भरता येते, परंतु सगळीकडे मेंढ्या चरत असल्याने गाळणी असलेली बाटली बाळगावी, आणि धारेवर चढण्याआधी ती भरून घ्यावी.

सरावाविषयी फार लिहीत नाही. चढ चालत, पण थांबल्याशिवाय चढता येणे आणि उतारावर मांड्या शाबूत राहणे, एवढे साधले की पुरे. पुण्याच्या परिसरातील धावपटूंना कात्रज ते सिंहगड ही रात्रीची वाट यासाठी उत्तम; चढउतार, अंधार आणि जागरण तिन्हींची एकदमच सवय होते. जूनमधल्या प्रयत्नाचा मुख्य सराव आपल्याकडे मार्च ते मे या महिन्यांत येतो, म्हणून तो पहाटे तीनला सुरू करावा. उन्हाळ्यातील हा सराव थंडीची मात्र काहीच कल्पना देत नाही, हे ध्यानात असू द्यावे. बूट खोल खाचांचे हवेत, पण नवे नकोत. दलदलीत पकड देणारा बूट ओल्या कातळावर घसरू शकतो, म्हणून ट्रव्हनवर तो आधीच वापरून पाहावा.

ओग्वेनला असताना एक गोष्ट मनाने मान्य करून ठेवावी. ट्रव्हनवरून गुडघे कुरकुरत उतरले की समोर लगेच पेन र् ओले वेन उभा असतो. तळ्याकाठच्या साधारण 300 मीटरवरून 978 मीटरवर नेणारी एकसलग भिंतच ती. तिथे बसून वर पाहत खाऊ नये. पाठ करून खावे, दहा मिनिटांत निघावे.

अपघाताची तयारी निघण्याच्या आदल्या दिवशीच पूर्ण असावी. 999 किंवा 112 वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचे असते. रेंज कमी असताना बोलणे होत नाही पण संदेश जाऊ शकतो, मात्र या आपत्कालीन संदेशसेवेसाठी आपला ब्रिटिश क्रमांक आधी नोंदवावा लागतो. आपल्या यादीत त्यावर खूण करून टाकावी. शिट्टीचा संकेत म्हणजे एका मिनिटात सहा फुंकी, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. इथली बचाव पथके स्वयंसेवकांची आहेत आणि ती पैसे घेत नाहीत, म्हणूनच त्यांना विनाकारण डोंगरावर आणू नये. परदेशातून येणाऱ्याने डोंगरातील धावण्याचा समावेश असलेला प्रवास विमा काढावा.

थांबायचे केव्हा हेही घरीच लिहावे, कारण डोंगरावर ते ठरवणारा मेंदू थकलेला असतो. माझे नियम तीन आहेत: हाताने चेन लागत नसेल तर पुढच्या रस्त्यावर थांबणे, तिसऱ्या टप्प्याच्या मध्यावर दोन तास उशीर असेल तर नान्तमोरला थांबणे, आणि पेसरने सलग दोनदा ‘पुरे’ म्हटले तर वाद न घालणे. हे नियम क्रूलाही दाखवून, त्यांच्यासमोर सही करून ठेवले होते. दुसऱ्या प्रयत्नात कोणताही नियम लागू पडला नाही, तरी तो कागद पाठीवरच होता.

शेवटचा मुद्दा लानबेरिसचा. फेरी पहाटे संपते, गाव झोपलेले असते, आणि पाच मिनिटांत अंग थरथरू लागते. पाचव्या पिशवीत अंगभर कोरडे कपडे, जाड मोजे, मोठा टॉवेल आणि गरम चहाचा थर्मास असावा. मुक्कामापर्यंत गाडी चालवणारा माणूस रात्रभर जागलेला नसावा. त्यासाठी वेगळा चालक ठरवावा, त्याचे नाव यादीत सगळ्यांत वर लिहावे आणि तो कितीही गप्पिष्ट असला तरी फेरीच्या रात्री आठलाच त्याला झोपायला पाठवावे.