शरदातले स्कॉटिश हायलँड्स: मिज ओसरली म्हणून बेफिकीर राहू नका, या चुका टाळा

स्कॉटलंडच्या डोंगरांत मे ते सप्टेंबर ट्रेकर्सचा जीव नकोसा करते ती मिज: मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, थव्याने तुटून पडणारी चावरी माशी. ऑक्टोबरच्या गारठ्यात ती ओसरते आणि लोक जाळी, रिपेलंट सगळं घरी ठेवून निघतात. इथेच चुकतं. एक तर पश्चिमेकडे, स्काय, नॉयडार्ट, ग्लेन कोच्या बाजूला, हवा उबदार असली तर मिज ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही भेटते. दुसरं म्हणजे गोचीड. तापमान साधारण ७ अंशांच्या वर असलं की ती सक्रिय असते. वसंतानंतर तिचा जोर पुन्हा वाढतो तो बऱ्याच ठिकाणी शरदातच.

तंबूची जागा. ओढ्याकाठची, झाडांच्या आडोशाची हिरवळ फोटोत छान दिसते. पण मिजच्या अळ्या ओल्या, दलदलीच्या मातीतच वाढतात आणि आडोशाला वारा नसतो. ताशी ११ किलोमीटरच्या पुढे वारा वाहू लागला की मिजला नीट उडता येत नाही, म्हणून थोडा वारा खाणारा कोरडा उंचवटा शोधा. पहाटे आणि संध्याकाळी त्रास जास्त; ढगाळ, निर्वात दिवशी मात्र दिवसभर. मिजला वैतागून तंबूची चेन बंद करून आत स्टोव्ह पेटवणं तर जिवावर बेतेल, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

जाळी. डासांच्या जाळीतून मिज सहज आत शिरते. मिजसाठी बनवलेली बारीक जाळी घ्या आणि ती कडा असलेल्या टोपीवरून घाला. गालाला चिकटलेल्या जाळीतूनही ती चावते.

रिपेलंट. २० टक्के इकारिडिन पुरेसं होतं. डीट चालतं, पण ते प्लास्टिक विरघळवतं. हाताला लागलेलं डीट घड्याळाची काच, गॉगल, काठीची मूठ खराब करतं. सनस्क्रीन आधी, रिपेलंट नंतर. परमेथ्रिन हे कीटकनाशक फक्त कपड्यांवर, कातडीवर कधीच नाही. फवारलेले कपडे पूर्ण वाळू द्या, घरात मांजर असेल तर जास्तच जपा.

आता गोचीड. ब्रॅकन नावाचं नेचं शरदात तपकिरी होऊन पायवाटेवर आडवं पडतं, आणि जिथे हरणं-मेंढ्या तिथे त्यातून चालताना गोचीड पायाला लागते. शॉर्ट्स नकोत. फिकट रंगाची पँट मोज्यात खोचा, वर गेटर्स (बुटापासून नडगीपर्यंतचं आवरण). अप्रौढ गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, त्यामुळे रात्री टॉर्च घेऊन गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली बोट फिरवून बघा. केस आणि कॉलरमध्ये सापडणारी चपटी, चिवट माशी म्हणजे डिअर केड. ती अंगावर उतरली की पंख टाकते, म्हणून अनेकांना गोचीडच वाटते.

काढताना सगळ्यात जास्त चुका होतात. सह्याद्रीत जळूवर मीठ किंवा तंबाखू टाकायची सवय असेल, तर ती इथे विसरा. मीठ, तेल, व्हॅसलीन, काडीचा चटका, काहीही नको. डिवचलेली गोचीड आतला द्रव जखमेत सोडू शकते. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून तिला तोंडाजवळ पकडा, पोट न दाबता सरळ वर, एकसारख्या जोराने ओढा. चिमटा पिळू नका (पिळायचा तो खास गोचिडीचा हुक). मग जंतुनाशक लावा, तारीख लिहून ठेवा. कपडे धुण्याआधी, कोरडे असतानाच, ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर १० मिनिटं फिरवा. कोमट पाण्याच्या धुलाईत गोचीड तगू शकते.

चावल्यावर दिवस-दोन दिवसांत उठलेली छोटी गांधी म्हणजे लाइम (गोचीड चावल्याने होणारा जिवाणूंचा आजार) नव्हे. लाइमचा चट्टा ३ ते ३० दिवसांत येतो, हळूहळू पसरतो, बहुधा खाजत-दुखत नाही. नेमबाजीच्या चक्रासारखा दिसेलच असं नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीवर त्याची लाली कमी जाणवते. सुरुवातीला रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते. पसरता चट्टा असेल तर डॉक्टर तेवढ्यावरच अँटिबायोटिक सुरू करू शकतात. पुण्या-मुंबईला परतल्यावर चट्टा दिसला, तर कुठे आणि कधी चाललात ते डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण तिथे लाइमचा विचार चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.