धनेशाच्या ढोलीखाली: वर्षावनात काम करू पाहणाऱ्यांसाठी

प्राणिशास्त्रात एमएस्सी झालेली मुलं विचारतात, "पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलात काम करायचंय, कॅमेरा कुठला घेऊ?" कॅमेरा राहू द्या. केरळात जाणार असाल तर आधी मल्याळम शिका.

मी चालकुडी नदीच्या खोऱ्यात, वाळच्चालच्या जंगलात महाधनेशाच्या (ग्रेट हॉर्नबिल या मोठ्या चोचीच्या पक्ष्याच्या) घरट्यांवर काम केलं. तिथले मूळ रहिवासी कादर. मध, धूप गोळा करणारे. पूर्वी ते ढोलीतली पिल्लं काढून खायचेही. आता त्याच ढोल्या वनखात्याच्या जोडीने तेच राखतात. कुठल्या झाडात ढोली आहे हे त्यांना ठाऊक होतंच, आमच्यासारख्यांना ते शोधायला जन्म गेला असता.

मादी ढोलीत शिरून विष्ठेने ढोलीचं तोंड लिंपून घेते, उभी चीर तेवढी ठेवते. त्यातून नर तिला फळं भरवतो. आम्ही लांब झुडपाआड बसून वेळा टिपायचो. नर उडाला की माझ्याबरोबरचे कादर चेट्टन (मल्याळममध्ये थोरला भाऊ) झाडाखाली जाऊन काडीने पालापाचोळा उकरायचे. ढोलीतून पडलेलं काहीबाही सापडायचं: रानजायफळ, धुपाची टणक बी, मध्येच एखादं कोंब फुटलेलं रोप. नर सध्या कुठल्या उतारावर चरतोय, हे ते त्यावरून सांगायचे. माझ्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता, तो नंतर घातला.

वनखात्याची परवानगी लागतेच आणि तिला महिने जातात. पण 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2014 मध्ये इथल्या कादर पाड्यांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत (आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये मिळाले, तेच). तेव्हा ग्रामसभेपुढे बसावं लागतं. "तुमच्या अभ्यासाचा आम्हाला काय उपयोग?" हे तिथे तोंडावर विचारतात. याच नदीवर आखलेल्या 163 मेगावॉटच्या अथिरापल्ली जलविद्युत प्रकल्पाला वर्षानुवर्षं विरोध करत आलेली माणसं आहेत ही. सरकारी अहवालातल्या एका ओळीने काय होतं, ते त्यांना पक्कं माहीत आहे. गुळमुळीत उत्तर देऊ नका.

प्रस्तावात स्थानिक सहकाऱ्यांची रोजंदारी पहिल्या ओळीत धरा, उरलेल्या पैशातून नव्हे. शोधनिबंधात त्यांचं नाव लेखकांत असावं, आभारात नव्हे. यावरून मार्गदर्शकाशी वाद होईल, होऊ द्या.

शिक्षणाचं म्हणाल तर बंगळुरूच्या एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस) या संस्थेचा वन्यजीव अभ्यासक्रम चांगला, पण प्रवेश दोन वर्षांतून एकदाच. पगार सुरुवातीला बेताचाच. जळवांसाठी जाड कापडाचे मोजे शिवून घ्या.

विणीचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो, म्हणून परवानगीचे अर्ज पावसाळा लागायच्या आतच टाका.