कानाला फोन लावून कोण थांबलंय?

अ‍ॅस्टेरिस्क (फोन एक्सचेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर) बाहेरच्या कुठल्या सर्व्हिसला जोडायचा म्हटलं की मी आधी एवढंच विचारतो: उत्तर येईपर्यंत कोणी कानाला फोन लावून ताटकळणार आहे का?

ही अक्कल देवगडात आली. एका आंबा बागायतदारांकडे पेटीचा आजचा भाव आणि पार्सल कुठवर पोचलं हे सांगणारी यंत्रणा बसवली होती. डायलप्लॅनमध्ये (कॉलचं काय करायचं ते सांगणाऱ्या ओळींत) थेट वेबवरून माहिती आणणारं कर्ल फंक्शन, माहिती मुंबईतल्या सर्व्हरवर. दोन ओळींत काम झालं म्हणून मी खूश. एप्रिलात एका दुपारी नेट रखडलं आणि काकांचा फोन, "अरे, फोन लागता, पण बाई काय बोलना नाय!" फोन तांब्याच्या लाइनवरून येत होते, त्यांना नेटशी देणंघेणं नव्हतं. पण कर्लला उत्तर मिळेपर्यंत डायलप्लॅन पुढची ओळ वाचत नाही. कर्ल वापराच, पण आधी कर्लऑप्टमध्ये (कर्लच्या सेटिंगमध्ये) कनेक्शनची आणि उत्तराची मुदत दोन-तीन सेकंदांवर आणा.

थोडा हिशेब किंवा डेटाबेस लागणार असेल तर एजीआय, म्हणजे कॉल चालू असताना बाहेरची स्क्रिप्ट चालवायची सोय. कुठल्याही भाषेत स्क्रिप्ट लिहा. तिचं बोलणं स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून चालतं, म्हणजे ती जे छापेल ते थेट एक्सचेंजकडे जातं. मात्र तपासणीसाठी टाकलेली एखादी प्रिंटची ओळ राहून गेली, तर अ‍ॅस्टेरिस्क तिला हुकूम समजतो. (माझी अख्खी रात्र यात गेलीय.) शिवाय दर कॉलला नवी प्रोसेस. ऐन हंगामात वीस कॉल एकदम आले की छोटा संगणक धापा टाकतो. तेव्हा फास्टएजीआय घ्या: प्रोग्रॅम आधीच चालू असतो, अ‍ॅस्टेरिस्क ४५७३ पोर्टवर त्याला गाठतो.

कोणी थांबलेलं नसेल, म्हणजे होमस्टेचा मिस्ड कॉल नोंदवणं किंवा संगणकावरून फोन लावून देणं, तर एएमआय (बाहेरून हुकूम द्यायची आणि घटना ऐकायची सोय), पोर्ट ५०३८. घटनांचा नुसता पूर येतो, म्हणून हव्या तेवढ्याच वाचायची परवानगी द्या. आणि तो पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, कधीच.

एआरआय अ‍ॅस्टेरिस्क आवृत्ती १२ पासून आहे. कॉल स्टॅसिसमध्ये (कॉल बाहेर सोपवणाऱ्या डायलप्लॅनच्या ओळीत) गेला की त्याचा ताबा तुमच्या प्रोग्रॅमकडे: हुकूम एचटीटीपीवरून, घटना वेबसॉकेटवर. स्वतःची कॉन्फरन्स किंवा रांग बांधायची असेल तरच याच्या वाटेला जा. भाव सांगायला एवढा पसारा कशाला? घेतलंतच, तर स्टॅसिसच्या ओळीखाली पर्यायी ओळी लिहा. प्रोग्रॅम बंद असला की कॉल तिथून पुढे येतो.

काकांकडे आता भाव रोज सकाळी अ‍ॅस्टेरिस्कच्याच डेटाबेसमध्ये उतरतो. पार्सलची चौकशी फास्टएजीआयकडे जाते. तीन सेकंदांत उत्तर नाही आलं तर कॉल काकांच्या मोबाइलवर. हे सगळं मी नेटची वायर उपटून, स्वतः फोन लावून बघितलं, मगच घरी आलो. काकांची आता दुसरीच तक्रार आहे: नेट नेमकं त्यांच्या वामकुक्षीच्या वेळी जातं.