मांडवीच्या क्षारतेचा आलेख छपाईयोग्य कसा करावा

पणजीजवळ मांडवी नदीच्या पाण्याची क्षारता, म्हणजे पाण्यातील मिठाचे प्रमाण, पावसाळ्यात कोसळते आणि उन्हाळ्यात समुद्राच्या पाण्याजवळ पोहोचते. पर्जन्यमानासोबत हा बदल दाखवताना एकाच चौकटीत डावा आणि उजवा असे दोन य-अक्ष घालण्याचा मोह होतो. त्याऐवजी पायथन या संगणकभाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या साधनात एकाखाली एक दोन चौकटी घेऊन काळाचा अक्ष सामाईक ठेवावा, कारण दोन मापनपट्ट्या हव्या तशा ताणून नसलेला संबंधही भासवता येतो.

आकृतीची रुंदी आरंभीच नियतकालिकाच्या स्तंभाइतकी, समजा ८९ मिलिमीटर, ठरवावी. मोजमाप इंचांत द्यायचे असल्याने २५.४ ने भागावे. मोठी आकृती काढून मागाहून लहान केली, तर ८ पॉइंटांची अक्षरे वाचण्यापलीकडे जातात. अक्षांची नावे एकमेकांवर चढू नयेत म्हणून जागा आपोआप जुळवणारी ‘कन्स्ट्रेन्ड’ मांडणी चालू करावी. हाताने समास जुळवत बसू नये. अक्षांना एकके द्यावीत (पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून ठरणाऱ्या ‘व्यावहारिक’ मापनपट्टीवरील क्षारतेला मात्र एकक नसते). मूळ फाँटात देवनागरी नसल्याने मराठी नावांसाठी वेगळा फाँट निवडावा. रेषालेख पीडीएफमध्ये जतन करावा. जेपेगमध्ये रेषांच्या कडा धूसर होतात.